फक्त शंभराच्या नोटा

द्वारका, नवी दिल्ली
बुधवार, दि. ९ ऑक्टोबर २०२४

चि. कल्पना हिस,

सप्रेम जय भीम.

रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी "विचार करून कळवतो" एवढेच म्हणालो. फोनवर सांगितलेले आकडे ऐकणाऱ्याच्या डोक्यात निम्मेच राहतात, असा चौतीस वर्षांच्या लेखापरीक्षणाच्या नोकरीतला माझा अनुभव आहे. म्हणून उत्तर लेखी देत आहे. समता काल गुरुग्रामहून आली आहे. मला कागद पुढ्यात घेऊन बसलेला पाहून म्हणाली, "बाबा, यार, इतकं कोण लिहितं आजकाल? मावशीला व्हॉइस नोट पाठवा ना." मी म्हटले, व्हॉइस नोटवर सही करता येत नाही. ती हसली. आई गेल्यानंतर या घरात ती प्रथमच हसली, म्हणून मीही विषय वाढवला नाही.

माझी प्रकृती ठीक आहे. सकाळी चार किलोमीटर चालतो. स्वयंपाकाला येणाऱ्या बाई पोळ्या जाड करतात. त्याविषयी मी तक्रार करत नाही.

आता मुख्य विषय. सुजाता महिला मंडळाच्या तुम्ही चौदा जणी १६ नोव्हेंबरला लुंबिनीला जात आहात, तेथील विहारात तुझ्या ताईच्या, कालकथित शैलाच्या नावाने दान देणार आहात, आणि पैशांची व्यवस्था पाहून मीही गटासोबत यावे असे मंडळाने ठरवले आहे. मंडळाने दाखवलेल्या विश्वासाबद्दल आभारी आहे. पैशांची व्यवस्था मी निश्चितपणे पाहीन. माझ्या येण्याविषयी शेवटी लिहितो. तत्पूर्वी पुढील मजकूर २० तारखेच्या सभेत वाचून दाखवावा.

नेपाळ हा परदेश आहे. तिथे आपला रुपया चालतो, आपली हिंदी समजते, व्हिसा लागत नाही, त्यामुळे तो परदेश वाटत नाही, आणि माणसे नेमकी तिथेच फसतात. तिथे आपली शंभरापर्यंतचीच नोट नेता येते. दोनशेची नाही, पाचशेची नाही. ब्लाउजमध्ये नाही, चपलेत नाही, लोणच्याच्या बरणीखालीही नाही. भानुमतीबाईंना हे वाक्य दोनदा वाचून दाखवावे. त्या मंडळात सर्वांत ज्येष्ठ आहेत, आणि दोन वर्षांपूर्वीच्या खेपेला "दादाराव, तुमचा कायदा कपाटात ठेवून या" असे त्यांनीच मला सुनावले होते.

शंभराच्या नोटा नागपुरात शोधत बसू नये. मी इथे जमवण्यास आरंभ केला आहे. परवा बँकेतल्या रोखपाल बाईंनी विचारले, "अंकल, सौ-सौ के बंडल का क्या करोगे? घर में शादी है?" मी म्हणालो, "नहीं मॅडम, नेपाल जाना है।" त्यांनी दोन बंडले दिली आणि सोमवारी पुन्हा यायला सांगितले. महिनाअखेरीपर्यंत पुरेशा नोटा जमतील. गट दिल्लीला पोचला की प्रत्येकीने आपल्या पाचशेच्या बारा नोटा मला द्याव्यात, मी शंभराच्या साठ देईन. मोजून घ्याव्यात. "भाऊजींनी दिल्या म्हणजे बरोबरच असतील" हे चालणार नाही.

आपले शंभर म्हणजे तिथले एकशे साठ. हा दर ठरलेला आहे. भाजीसारखा रोज बदलत नाही. "आज भाव वेगळा आहे" असे कोणी म्हणाले तर नमस्कार करून पुढे जावे. काहीही घेण्यापूर्वी "आयसी की एनसी?" असे विचारावे. आयसी म्हणजे भारतीय पैसे, एनसी म्हणजे नेपाळी. खाऊन झाल्यावर हा प्रश्न विचारण्यात अर्थ नसतो. मागच्या वेळी आपल्यातल्या एकीने एकशे साठ एनसीच्या नाश्त्याचे एकशे साठ आयसी दिले आणि वर "स्वस्त आहे हो इथे" असेही म्हटले. नाव लिहीत नाही.

नेपाळी पैसे किरकोळ खर्चापुरतेच घ्यावेत. परतताना उरलेले सीमेवर, आपल्या बाजूच्या सोनौलीच्या बाजारात बदलून मिळतात, पण बट्टा कापून. (समताने हा शब्द वाचून विचारले, "बट्टा म्हणजे?" मी सांगितले, पैसे बदलून देणारा स्वतःसाठी जे कापून घेतो ते. "अच्छा, कमिशन," ती म्हणाली.) फाटकी, चिकटवलेली किंवा पेनाने आकडे लिहिलेली नोट तिथे नाकारतात. अडीअडचणीसाठी दोघी-तिघींनी एटीएम कार्ड जवळ ठेवावे. मोबाइलवरून पैसे देण्याची सवय दोन दिवस विसरावी.

सामायिक रक्कम, म्हणजे बसभाडे, निवास आणि दान मिळून तीस हजार, एकाच व्यक्तीकडे देऊ नये. तिघींनी एकेक बंडल सांभाळावे. मागच्या वेळी चाळीस हजार एकाच पिशवीत होते. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे.

सभेसाठीचा मजकूर इथे संपला. यापुढचे वाचून दाखवू नये.

कल्पना, मार्चमध्ये शैलाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात तू म्हणालीस, "माझ्या ताईला परक्या देशाच्या दारातसुद्धा खोटं बोलता आलं नाही, म्हणून तिची लुंबिनी राहिली." सभागृहात एकही डोळा कोरडा नव्हता. आताचे दान त्याच एका वाक्यामुळे गोळा झाले, असे तू रविवारी फोनवर सांगितलेस. त्या वाक्याविषयी मला काही लिहायचे आहे आणि ते या पत्रात बसत नाही. चार-पाच दिवसांत वेगळे लिहितो. ते वाचल्यावर मला सोबत न्यायचे की नाही, हे तुला नव्याने ठरवावे लागेल. तोवर माझे तिकीट काढू नये.

सर्व भगिनींना माझा जय भीम सांगावा.

दादाराव वाहाने


द्वारका, नवी दिल्ली
सोमवार, दि. १४ ऑक्टोबर २०२४

चि. कल्पना हिस,

जय भीम.

मागच्या पत्रात कबूल केल्याप्रमाणे लिहीत आहे. समता बरी आहे. दिवाळीनंतर चार दिवस तुझ्याकडे यायचे म्हणते. तिला सुट्टी मिळेल असे वाटते. पंखे बंद करण्याइतकी थंडी इथे अजून पडलेली नाही.

हे सर्व मी मूळ विषय टाळण्यासाठी लिहीत आहे, हे तुला कळले असेल.

१२ नोव्हेंबर २०२२ च्या सकाळी काय घडले, ते मी क्रमाने लिहितो. तुला त्यातले बरेच माहीत आहे. जे माहीत नाही तेही त्यातच येईल.

गट नागपूरहून आला, कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनात एक दिवस राहिला आणि नागपुरात जमवलेले चाळीस हजार तू शैलाच्या स्वाधीन केलेस. हिंदूराव रुग्णालयात तीस वर्षे सिस्टर म्हणून वॉर्ड सांभाळलेली बाई, तेव्हा पैसे तिच्याचकडे सुरक्षित राहतील, असे सर्वांचे मत पडले. तिने वहीत सही करून रक्कम घेतली. सही करायला मीच सांगितले होते.

गोरखपूरच्या गाडीत संध्याकाळच्या चहाच्या वेळी ती मला म्हणाली, "ऐकता का? पिशवीत ऐंशी नोटा आहेत. पाचशेच्या."

"शंभराच्या आणा असे मी कळवले होते."

"नागपूरच्या बँकेत मिळाल्याच नाहीत म्हणे."

"मग दिल्लीत का नाही बदलल्यास?"

"तुम्ही रागवाल म्हणून सांगितलंच नाही. आता सांगतेय तर रागावून घ्या एकदाचे."

मी रागावलो नाही. काहीच बोललो नाही. ते माझ्या रागावण्याहून वाईट असते, असे शैला म्हणत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण सोनौलीला नेपाळच्या सीमेवरील कमानीपाशी पायी पोचलो. तू पुढच्या सात-आठ जणींना घेऊन पलीकडे गेली होतीस आणि बसवाल्याशी भाड्यावरून तुझे चालले होते. तुझा आवाज अलीकडे ऐकू येत होता. मागे राहिलेल्या आम्हा सहा-सात जणांना तिथल्या शिपायाने विचारले, "माताजी, दो सौ, पाँच सौ का नोट तो नहीं है न किसी के पास?" तो आमच्याकडे पाहतही नव्हता. दिवसातून हजार वेळा विचारायचा प्रश्न त्याने विचारला आणि उत्तराची वाट न पाहता "चलिए, चलिए" म्हणून हातही हलवला. शैला माझ्यापुढे एक पाऊल होती. तिने मान हलवली, ती हो होती की नाही, हेसुद्धा त्याने पाहिले नाही.

मी म्हणालो, "है। इनके पास है। चालीस हज़ार।"

हे वाक्य शैलाचे नव्हते, माझे होते. तिने तुला "त्याने विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं" असे सांगितले, ते तू मानलेस, आणि मार्चमध्ये शंभर माणसांसमोर बोललीस. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. मी गप्प राहिलो.

तो शिपाई सौजन्याने वागला, हेही नोंदवतो. "बाबूजी, बोल दिया तो अब मैं छोड़ नहीं सकता," असे म्हणून त्याने पिशवी जप्त न करता आम्हाला परत पाठवले. तो दुसरा शनिवार होता. बँका बंद. त्यानंतरचा रविवार. सोनौलीच्या बाजारात एक दुकानदार हजाराला तीस रुपये बट्टा घेऊन शंभराच्या नोटा देत होता. तू परत येऊन म्हणालीस, "भाऊजी, बाराशे रुपये मी देते, पण नोटा घ्या अन् चला." मी म्हणालो, प्रश्न बाराशेचा नाही, त्याच्याकडे परवाना नाही. तू कपाळाला हात लावलास. इथवर तुला आठवत असेल. तुम्ही आपापल्या जवळच्या पैशांत दोन दिवस भागवायचे आणि पिशवी घेऊन कोणीतरी सोनौलीच्या लॉजवर थांबायचे, असे ठरले.

त्यानंतरचे तुला माहीत नाही. तू खाली रिक्षा ठरवत होतीस. लॉजच्या खोलीत शैलाने पिशवी पलंगावर ठेवली आणि मला विचारले, "तुम्ही बसता का हिच्याजवळ? मी उद्या संध्याकाळपर्यंत जाऊन येते."

मी म्हणालो, "रक्कम तुझ्या सहीने घेतली आहे. सही ज्याची, ताबा त्याचा."

ती म्हणाली, "बरं."

मग ती खाली आली आणि "मला जरा थकवा आला आहे, मीच थांबते" असे तिने तुम्हा सर्वांना सांगितले. मी तुमच्यासोबत लुंबिनीला आलो. अशोकस्तंभासमोर उभा राहून तो राज्याभिषेकाच्या कितव्या वर्षी उभारला, हे मी तुम्हाला समजावून सांगितले. तुम्ही ऐकलेत. शैला तासाभराच्या अंतरावर पिशवी घेऊन बसली होती.

मी का गेलो, याची कारणे या दोन वर्षांत मी पुष्कळ मांडून पाहिली. खोल्यांचे आरक्षण माझ्या नावावर होते. गटात पुरुष मी एकटाच होतो. कागदपत्रे माझ्याजवळ होती. यांतले एकही कारण मी दुसऱ्या कोणाच्या फाइलमध्ये ग्राह्य धरले नसते. मला लुंबिनी पाहायची होती. खरे कारण एवढेच आहे.

परतल्यावर मी विचारले, "कसे गेले दोन दिवस?" ती म्हणाली, "छान. झोप झाली." ते मी न तपासता मान्य केले. "पुढच्या वर्षी दोघेच जाऊ," असेही म्हणालो. पुढच्या वर्षी तिच्या तपासणीत काय निघाले, ते तू जाणतेस.

शेवटच्या महिन्यात तिने मला बजावले होते, "कल्पनाला यातलं काही सांगू नका. तिला राग येईल, तुमच्याशी बोलणं टाकेल, अन् समताला आजोळ म्हणून तेवढंच एक घर आहे." तिच्या शब्दाबाहेर मी आज प्रथमच जात आहे. तुझा राग माझ्यावर असावा, समतावर नसावा, ही विनंती.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो, म्हणजे गैरसमज नको. त्या शिपायाला खरे सांगितले याचा मला आजही पश्चात्ताप नाही. नियम ठाऊक असताना मी मान हलवू शकलो नसतो, आणि उद्याही हलवू शकणार नाही. पण मी जे खरे बोललो ते तिच्या पिशवीविषयी. माझ्या खिशात नियमाप्रमाणे शंभराच्याच नोटा होत्या. खरे बोलण्याचा मान मी घेतला आणि त्याची किंमत तिने भरली. किंमत भरण्याची संधी मला त्याच दुपारी लॉजवर मिळाली होती. तिने विचारलेही होते. पश्चात्ताप आहे तो मी दिलेल्या उत्तराचा.

आता माझी मागणी. हे पत्र तू २० तारखेच्या सभेत, मागच्या पत्रापाठोपाठ, पूर्ण वाचावेस. चूक जिथे नोंदली गेली तिथेच ती दुरुस्त व्हावी, अशी आमच्या खात्याची रीत आहे, आणि ती मला योग्य वाटते. शैलाच्या नावाने जे दान जाईल, ते खरे कारण माहीत असलेल्या हातांनी जावे. तिने खोटे बोलण्यास नकार दिला नाही. ती माझ्यासाठी खोटे बोलली, आणि अखेरपर्यंत त्यावर ठाम राहिली.

सभा मला सोबत न्यायचे नाही असे ठरवील, तर मी ते मान्य करीन. तसे झाले तरी नोटा जमवण्याचे काम थांबणार नाही. आजपावेतो सात बंडले झाली आहेत.

सभेच्या निर्णयास बांधील,

दादाराव वाहाने


सोनौली
रविवार, दि. १७ नोव्हेंबर २०२४, सकाळी पावणेदहा

चि. कल्पना हिस,

जय भीम.

हे पत्र तुझ्या हाती देतील त्या श्रीमती गयाबाई हिंगोलीच्या आहेत. तू माझ्यासाठी पाठवलेल्या गाडीतून त्या येत आहेत. मी येत नाही. कारण लिहितो. गाडीवाला घाई करत आहे, तरी पाच मिनिटे थांबेल.

तुझी चिठ्ठी त्याने लॉजवर आणून दिली. "भाऊजी, या. भानुमतीबाईसुद्धा हो म्हणाल्या. दान तुमच्या हातून झालं तर ताईला आवडेल." गेल्या महिन्यात सभेचा निर्णय तू फोनवर सांगितलास, त्यानंतर तू मला भाऊजी म्हणून हाक मारली नव्हतीस. दिल्लीच्या स्टेशनवर साठ-साठ नोटा मोजून घेतानाही तू "बरोबर आहेत" याखेरीज काही बोलली नाहीस. त्यामुळे चिठ्ठी मी दोनदा वाचली.

मी सोनौलीपर्यंत यावे, नोटा सुपूर्द कराव्यात आणि पुढे पाऊल टाकू नये, हा सभेचा निर्णय भानुमतीबाईंनी सुचवला होता, असे तू सांगितले होतेस. "त्यानं लुंबिनी पाहिली आहे. आता त्यानं सोनौली पाहावी." निर्णय न्याय्य होता. कालपासून मी ती पाहत आहे. खोली तीच मिळाली नाही, शेजारची मिळाली. खिडकीतून कमान दिसते. दर दहा-पंधरा मिनिटांनी कोणीतरी "लुंबिनी, लुंबिनी" असे ओरडते आणि माणसे बॅगा उचलून निघतात. या आवाजात झोप होत नाही. शैलाचीही झाली नसणार.

गयाबाई सकाळी आठपासून खाली बाकावर बसल्या होत्या. मांडीवर पिशवी आणि पिशवीवर दोन्ही हात. मी मराठी बोलतो हे कळताच म्हणाल्या, "साहेब, पाचशाची नोट खरंच चालत नाही का हो तिकडं, का आमचे लोक मला बनवू लागले?" त्यांच्या गटाची एकतीस हजारांची रक्कम पाचशेच्या नोटांत आहे. कमानीपाशी पोचल्यावर कोणीतरी नियम सांगितला. आज बँका बंद. माझ्याजवळ बदलून देण्यासाठी शंभराच्या नोटा उरलेल्या नाहीत. सर्व तुम्हा चौदा जणींकडे आहेत. गयाबाईंचे गुडघे दुखतात, तेव्हा त्यांनीच थांबावे, असे गटाने ठरवले. त्या सांगत होत्या, "गुडघे इथं बसून बी दुखायलेच की."

मी त्यांना म्हणालो, तुम्ही या गाडीने जा, पिशवीजवळ मी बसतो.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले. "तुम्ही कोण?"

मी नाव, खाते, निवृत्तीचे वर्ष सांगितले. बासष्ट नोटा मोजून पावती लिहून देतो, असेही सांगितले. त्या म्हणाल्या, "अन् तुम्ही पळाले तर पावती काय चाटू?"

त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. मी माझे निवृत्तीचे ओळखपत्र त्यांच्यापुढे धरले. त्यांनी ते उजेडात धरून पाहिले. "फोटोत बरे दिसता. पण तुम्हाला काय पडलंय? तुमची गाडी, तुम्ही जा की."

त्यावर मी त्यांना दोन वर्षांपूर्वीची हकीकत सांगितली. थोडक्यात, पण काही न वगळता. कमानीपाशी कोण बोलले, आणि वर खोलीत कोणी काय विचारले व कोणी काय उत्तर दिले, तेही.

गयाबाईंनी ओळखपत्र पुन्हा एकदा पाहिले. मग म्हणाल्या, "बायकोला बसवून गेले?"

मी हो म्हणालो.

"आता आहे का ती?"

मी नाही म्हणालो.

त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. "मग तुम्ही नाही पळत," त्या म्हणाल्या.

मी नोटा त्यांच्यासमोर मोजल्या. पावतीच्या दोन प्रती केल्या, एक त्यांच्याजवळ आहे. ओळखपत्रही त्यांच्याजवळच राहू द्यावे. संध्याकाळी पिशवी परत करताना मी ते घेईन. त्यांचा गट मायादेवी मंदिराच्या आवारात असेल. त्यांना तिथवर पोचवावे आणि एकटे सोडू नये. त्यांच्याजवळ शंभराच्या चारच नोटा आहेत. काही घ्यायचे झाले तर आधी भाव विचारून द्यावा. गुडघ्यांमुळे त्या सावकाश चालतील. दानाची वेळ थोडी पुढे ढकलावी लागली तर ढकलावी.

दान तू दे. शैलाच्या वतीने देण्याचा अधिकार आपल्या दोघांपैकी कोणाचा असेल, तर तो तुझा आहे. तू बोलावलेस, हे मी विसरणार नाही. पुढे कधी मी लुंबिनीला आलो, तर तू सांगशील तेव्हा आणि तू सोबत असताना येईन. आज मात्र मला इथे काम आहे. एका बाईला संध्याकाळपर्यंत जाऊन यायचे आहे.

पिशवी मांडीवर घेऊन बसलेला,

तुझा भाऊजी
दादाराव